गवंडी, सुतार आणि मधली फट

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी माझ्या हातात थापी दिली नाही की फावडंही नाही. दिला तो करवतीच्या जुन्या पात्याचा एक तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळलेला. "साहेब, विटांमधून बाहेर आलेला माल खरवडायचा. ओला आहे तोवर. वाळला की छिन्नी लागते." माझं शिक्षण एवढंच. पुढचे नऊ दिवस मी तेच केलं.

घर माझ्या बहिणीचं. मी नोकरी सोडली होती, दुसरी सुरू व्हायला पाच महिने होते, आणि घरात बसून कंटाळण्यापेक्षा बांधकामावर जा, असं तीच म्हणाली. ती त्याला 'कमी विजेचं घर' म्हणायची. आर्किटेक्ट बाई 'ऊर्जाक्षम' म्हणायच्या. मिस्त्रींनी नकाशा पाहून एकदाच मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे थर्मास." तिन्ही नावांत मला थर्मासच आवडलं. फक्त थर्मासला तोंड एकच असतं. घराला किती असतात, ते आम्हाला शेवटी पंखा लावून मोजून दाखवण्यात आलं.

माणसं पाच. साठीकडे झुकलेले मिस्त्री, त्यांच्या हाताखालचा तरुण गवंडी, एक बिगारी, सुतारकाका आणि वायरिंग करणारी एक मुलगी, जिला सगळे सरळ 'वायरमन' म्हणायचे आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. सहावा मी. मजुरीच्या हिशेबात धरलं तर अर्धाच.

भिंत दुहेरी होती. आतली वीट, मग दहा सेंटिमीटर दगडी लोकरीचे, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचे तक्ते, मग दोन बोटं मोकळी जागा, मग बाहेरची वीट. आतली भिंत आधी उभी राहायची आणि तिच्या बाहेरच्या अंगाला माझं पातं चालायचं. गवंडी वीट दाबून बसवतो तेव्हा सांध्यातून माल ओघळतो. त्याच्या गाठी राहिल्या तर लोकरीचा तक्ता भिंतीला चिकटून बसत नाही, मागे पाच-सहा मिलिमीटरची पोकळी राहते. मला वाटलं होतं, एवढ्याशा पोकळीने काय होणार! आर्किटेक्ट बाईंनी तक्त्याच्या मागे बोट घालून दाखवलं. तिथली हवा भिंतीला लागून तापते, वर चढते, तक्त्यांच्या फटीतून पलीकडे जाते, गार होते, खाली येते आणि पुन्हा मागे शिरते. रहाटगाडगंच ते. असं चक्र सुरू झालं की लोकर जागेवर असूनही तिचा उपयोग जवळजवळ संपतो. कारण उष्णता अडवते ती लोकर नव्हे, तिच्या तंतूंत अडकून पडलेली स्थिर हवा. हवा हलली की सगळं मुसळ केरात.

आणि उपयोग काही थोडाथोडका नसतो. भाजलेल्या विटेतून उष्णता जितकी जाते, तिच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकीच दगडी लोकरीतून जाते. म्हणजे दहा सेंटिमीटरचा तो तक्ता दोन मीटर जाडीच्या विटेच्या भिंतीची बरोबरी करतो. हे मी बिगाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग दोन मीटरच बांधा, आम्हाला काम." त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं.

दोन भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मधून आडव्या काड्या टाकायच्या, चौरस मीटरला दोन-तीन. इथे पहिला वाद झाला. मिस्त्रींकडे लोखंडी सळीचे तुकडे पडलेले होते, ते वापरायचं त्यांच्या मनात होतं. पण साधं पोलाद लोकरीच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेतं. भिंतभर अशा सळ्या म्हणजे थर्मासला खिळे ठोकल्यासारखंच. म्हणून बेसॉल्टच्या तंतूंपासून केलेल्या काड्या आणल्या होत्या. मिस्त्रींनी एक काडी हातात घेऊन वाकवली, वाकेना. मग पायाखाली घालून पाहिली. "चालेल," म्हणाले. त्यापुढची गोष्ट मात्र त्यांनी स्वतःहून सांगितली. काडी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी, नाहीतर बाहेरच्या विटेतून झिरपलेलं पाणी तिच्यावरून चालत लोकरीत जाईल. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पाण्याशी त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवहार होता.

सवय कशी आडवी येते तेही तिथेच पाहिलं. बाहेरच्या भिंतीच्या तळाच्या थरात दर चार-पाच विटांनी एक उभा सांधा मोकळा ठेवायचा होता, आत उतरलेलं पाणी निघून जावं म्हणून. तरुण गवंड्याला सांगून झालं, त्याने मान डोलावली आणि तासाभरात तिन्ही सांधे सुबक भरून टाकले. रागावण्यात अर्थ नव्हता. रिकामा सांधा दिसला की त्याचा हात थांबतच नसे. शेवटी मी त्या जागी लाकडाच्या चपट्या पट्ट्या खोचून ठेवल्या.

छज्ज्याबद्दल थोडक्यात सांगतो. मिस्त्रींनी आयुष्यभर लिंटेलबरोबर, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या काँक्रीट पट्टीबरोबर, छज्जा ओतला. इथे मनाई होती, कारण आतून निघून लोकर भेदत बाहेर आलेली काँक्रीटची पाटी रेडिएटरच्या पात्यासारखं काम करते, उन्हाळ्यात आत तापवते आणि थंडीत बाहेर ऊब घालवते. म्हणून सुतारकाकांनी लाकडी छज्जे करून बाहेरच्या भिंतीवर टांगले. त्यांची रुंदी काढायचं गणित मला फार आवडलं. नव्वदातून त्या जागेचे अक्षांश वजा करा, ती विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवसाच्या, दुपारची सूर्याची उंची. त्यात साडेतेवीस मिळवले की उन्हाळ्याची सीमा, वजा केले की हिवाळ्याची. मिळवून नव्वदाच्या वर गेलं तर सूर्य डोक्यावरून पलीकडे कलला असं समजायचं. विषुववृत्ताकडे तोंड केलेल्या खिडकीवर योग्य रुंदीचा छज्जा असला की उन्हाळ्याचं ऊन बाहेर थांबतं आणि थंडीचं आत येतं. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना हे गणित लागू पडत नाही, तिथे सूर्य खालून येतो. तिथे झडपाच हव्यात आणि त्याही काचेच्या बाहेर. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं.

छताबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. स्लॅबवर तक्त्यांचे दोन थर, खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही. विटांचाच नियम, त्यामुळे मिस्त्रींना समजावावं लागलं नाही.

खरी गोष्ट खिडक्यांपासून सुरू होते.

खिडकी भिंतीत कुठे बसवायची, याचं उत्तर मला तोवर ठाऊक नव्हतं. बाहेरच्या विटेच्या रेषेत नाही, आतल्याही नाही. मध्ये, जिथे लोकर आहे तिथे. म्हणजे भिंतीचा उबदार थर चौकटीला येऊन मिळतो आणि चौकटीच्या कडेने उष्णतेला वळसा घालायला वाट राहत नाही. पण लोकरीवर खिडकी उभी राहणार कशी? सुतारकाकांनी प्लायवूडची खोकी केली, ती आतल्या भिंतीला घट्ट बसवली आणि चौकट त्या खोक्यात. गुण्या लावून, ओळंबा सोडून, एकेक खिडकी अर्धा अर्धा दिवस. काम बघण्यासारखं होतं.

आता उरली खोक्याची आणि विटेची फट. बोटभर रुंद, खिडकीच्या चारही बाजूंनी. या घरात हवा अडवायचं काम आतल्या गिलाव्याचं होतं. नुसती विटेची भिंत दिसायला कितीही भक्कम असली तरी तिच्या सांध्यांतून हवा जाते, गिलावा झाला की ती बंद होते. म्हणजे गिलावा, तिथून खोकं, तिथून चौकट अशी रेघ कुठेही न तुटता गेली पाहिजे. त्यासाठी एक रुंद चिकटपट्टी आणली होती. अर्धी लाकडाला चिकटवायची, उरलेली अर्धी, जिला कापडासारखा खरखरीत पदर असतो, ती भिंतीवर आणून गिलाव्यात गाडायची.

सुतारकाका म्हणाले, "गिलाव्यात जाते ना? मग गवंड्याचं काम."

मिस्त्री म्हणाले, "लाकडाला चिकटते ना? मग सुताराचं."

दोघंही सरळ माणसं. एकमेकांचा आदर करणारी. भांडण वगैरे काही नव्हतं, दोघांनाही मनापासून वाटत होतं की हे आपलं नाही. पट्टीचं रीळ दोन दिवस खिडकीच्या कट्ट्यावर पडून होतं. त्यात बिगाऱ्याने त्याच्यावर घमेलं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ते काम माझ्याकडे आलं. मी कोणाच्याच धंद्याचा नव्हतो, त्यामुळे हरकत घ्यायला माझ्याकडे जागाच नव्हती. आधी वीट ब्रशने झाडायची, मग चिकटण्यासाठीचा द्रव लावायचा, तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं. धुळीवर पट्टी लावली तर ती धुळीला चिकटते, भिंतीला नाही. कोपऱ्यात ताणून न्यायची नाही, चिमूटभर चुणी ठेवायची, कारण लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि ताणलेली पट्टी पहिल्याच वर्षी सुटते. अकरा खिडक्या, चव्वेचाळीस कोपरे. पहिले आठ मी ताणून लावले होते. ते काढून पुन्हा केले. निदान मला तसं वाटत होतं.

त्या पट्टीमुळे माझे डोळे एका गोष्टीला सरावले. कामावर प्रत्येकाची हद्द ठरलेली असते आणि हद्दीच्या आत प्रत्येक जण उत्तम असतो. साध्या घरात तेवढं पुरतं, कारण मधल्या फटी पट्टी, स्कर्टिंग, रंग यांच्याखाली झाकल्या जातात. गिलावा करणारे जमिनीपासून चार बोटं वर थांबतात, कारण तिथे स्कर्टिंगची फरशी येणार असते. भिंतीतल्या कपाटामागे गिलावा करतच नाहीत, दिसतंय कोणाला? यात लबाडी नाही, ही धंद्याची रीत आहे. पण हवेला स्कर्टिंग दिसत नाही. ती मागून जाते.

मिस्त्रींना हे पटलं आणि त्यांनी गिलावा खालपर्यंत, स्लॅबला टेकेपर्यंत नेला. तरुण गवंडी कुरकुरला, "वाकून वाकून कंबर गेली." न्हाणीघरात मात्र टाइल्स येणार म्हणून त्याने एक भिंत वरच सोडली. ते आम्हाला नंतर कळलं.

माझी चूक वायरिंगची. बटणांसाठी भिंतीत पेट्या बसवतात. नेहमीची पद्धत म्हणजे खाच पाडायची, पेटी ठेवायची, चार कोपऱ्यांवर माल थापायचा. वायरमनने मला वेगळी पद्धत दाखवली होती: आधी खाच आतून पूर्ण मालाने भरायची आणि पेटी त्यात दाबायची, म्हणजे मागे पोकळी उरतच नाही. शिवाय पाइपाचं तोंड वायर ओढून झाल्यावर आतून बुजवायचं, कारण पाइप स्वतःच हवेची नळी असतो. तिने दहा-बारा पेट्या माझ्याकडून करून घेतल्या, प्रत्येक तपासली, मग विश्वासाने एक अख्खी भिंत मला देऊन दुसरीकडे गेली. संध्याकाळ झाली होती, कालवलेला माल संपत आला होता. शेवटच्या सात पेट्या मी चार कोपऱ्यांवर थापून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी त्यावरून गिलावा झाला. भिंत इतकी देखणी दिसत होती की मीच ते विसरलो.

गिलावा वाळल्यावर, रंग आणि फरशी व्हायच्या आधी चाचणी ठेवली होती. ही वेळ महत्त्वाची. सगळं संपल्यावर चाचणी केली तर आकडा मिळतो, पण दुरुस्ती करायची तर घर फोडावं लागतं. चाचणी करणाऱ्या माणसाने मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून त्यात पंखा बसवला. खिडक्या बंद, हवा खेळवणाऱ्या यंत्राची तोंडं चिकटपट्टीने बंद. मोरीच्या जाळ्यांत पाणी ओतायला त्याने मला पाठवलं, कारण कोरड्या जाळीतून गटाराची हवा आत येते आणि आकडा उगाच बिघडतो. मग पंख्याने घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली. दाबातला फरक ५० पास्कल. म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर पाण्याचा दाब, किंवा ताशी साधारण ३२ किलोमीटर वेगाचा वारा घराला चहूबाजूंनी एकाच वेळी लागला असं समजा. ऐकायला काहीच नाही. पण घर बोलायला लागलं. कुठे सूं, कुठे फुस्, न्हाणीघरात तर चक्क शिट्टी.

मोजमाप असं असतं: त्या दाबाखाली तासाभरात घरातली सगळी हवा किती वेळा बदलते? आम्हाला १ च्या आत यायचं होतं. आकडा आला १.९.

जेवणाच्या सुट्टीत तो माणूस सांगत होता की याहून कडक मोजमाप आहे, ०.६ चं, 'पॅसिव्ह हाऊस' म्हणतात त्याचं. जर्मनीत डार्मश्टाट इथे १९९१ मध्ये एका रांगेत चार घरं उभी राहिली, ती त्या प्रकारची पहिली, आणि ती कल्पना मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट त्यांतल्याच एका घरात राहायला गेले. त्या मोजमापात वर्षभर घर उबदार ठेवायला चौरस मीटरमागे १५ युनिटच्या वर उष्णता लागता कामा नये. मिस्त्री सगळं लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "त्या घराचे गवंडी-सुतार कोण होते?" त्याला ते माहीत नव्हतं.

दुपारी शोध सुरू झाला. पंखा चालूच. हाताचा पंजा ओला करून त्याची मागची बाजू सांध्यांवरून फिरवायची, गार वाटलं की थांबायचं आणि धुराची कांडी धरायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा झाला तर फट. न्हाणीघरातली ती अर्धवट सोडलेली भिंत लगेच सापडली. दाराचा उंबरठा सापडला. खिडक्यांचे दोन कोपरे सापडले, माझेच, पुन्हा करताना ताणलेले. आणि मग आम्ही त्या देखण्या भिंतीपाशी आलो. पहिल्या पेटीपाशी कांडी धरली तर धूर झपकन आडवा झाला. दुसऱ्या, तिसऱ्या पेटीपाशीही तेच. वायरमनने माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मिस्त्री म्हणाले, "ही भिंत कोणी केली?"

"मी."

"छिन्नी आण. सातही काढ." थोडं थांबून, "आणि दिवस मावळला तर काम ठेवून द्यायचं, उरकायचं नाही. कळलं का रे?"

तोवर ते मला 'साहेब' आणि 'तुम्ही' म्हणत होते. त्या दिवसानंतर कधीच म्हणाले नाहीत.

तीन दिवस आम्ही फक्त सांध्यांवर काम केलं. गंमत अशी की आता पट्टी कोणाची हा प्रश्न उरला नव्हता. धूर आडवा होताना दोघांनीही पाहिला होता. सुतारकाका स्वतः ब्रश घेऊन वीट झाडत होते आणि मिस्त्री पलीकडून पट्टी धरून "चुणी ठेवा, चुणी" असं त्यांनाच सांगत होते, जणू हे शहाणपण त्यांच्या घराण्यात चालत आलंय.

मधल्या काळात पाहुणे येऊन एक वाक्य हमखास बोलून जायचे: "भिंतींना श्वास घेऊ द्यावा." मला हे वाक्य आता ऐकवत नाही. भिंतीतून ओलावा हळूहळू झिरपणं वेगळं आणि फटीतून वारा वाहणं वेगळं. फटीचा श्वास वारा असेल तेव्हा नको इतका आणि नसेल तेव्हा शून्य. शिवाय थंडीत आतली दमट हवा फटीतून भिंतीत शिरली की गार जागी तिचं पाणी होतं, आणि ओली लोकर कामाची राहत नाही. चार माणसांचं घर स्वयंपाक, आंघोळ, श्वास मिळून दिवसाला काही लिटर पाणी हवेत सोडतं. ते घालवायलाच यंत्र होतं. जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या ताज्या हवेला देणारं, दोन्ही हवा एकमेकींत न मिसळता. ते बसवणारी माणसं वेगळी होती, दोन दिवसांत आली आणि गेली. त्यांच्या नळ्या भिंतीतून जातात तिथली भोकं बुजवायचं कोणाच्या यादीत होतं? कोणाच्याच नाही. ती मी बुजवली. या वेळी उजेडात.

दुसऱ्या चाचणीत आकडा आला ०.९. मिस्त्रींनी चाचणीवाल्याला तो आकडा दोनदा वाचायला लावला. सुतारकाकांनी पेन्सिल कानामागून काढून खिडकीच्या खोक्याच्या मागे, जिथे आता कोणी पाहणार नाही, तारीख आणि आकडा लिहिला.

पण एक फट राहिली. कोठीच्या खोलीत, छताजवळच्या कोपऱ्यात. पंखा चालू असताना तिथे धूर किंचित आडवा होतो, अगदी हळू, आणि कुठून हवा येते ते कळत नाही. गिलावा खरवडून पाहिला, पुन्हा केला, पट्टी लावली. तरी तो होतोच. चाचणीवाला म्हणाला, एवढी असू द्या. ताईही म्हणाली, असू दे. पहिल्या थंडीत पहाटे बाहेर सहा अंश आणि आत एकोणीस होते, तेही काही न पेटवता, त्यामुळे तिची तक्रार नाहीच.

मला नोकरी लागून आता वर्ष होत आलं. मिस्त्रींचा महिन्या-दीड महिन्याने फोन येतो. तब्येत, कामधंदा, पाऊस वगैरे विचारून झाल्यावर ते थोडं थांबतात, आणि मला माहीत असतं पुढे काय येणार.

"कोठीतली सापडली का रे?"

"नाही अजून."

"लिंटेलच्या वर बघ. मला तिथंच वाटतंय."